वादळ आखातात, मग पेट्रोल शार्लटला का संपतं? आणि घरी तयारी किती करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही ह्यूस्टनहून नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला राहायला आलो. वाटलं होतं, हरिकेनचा घोर संपला. पण इथले जुने लोक म्हणतात, टेक्सास-लुइझियानाला वादळ धडकलं की इथलेही पंप कोरडे पडतात. हजार मैलांवरच्या वादळानं इथलं पेट्रोल कसं संपतं? आईबाबा फ्लोरिडात भावाकडे असतात, त्यांना काय सांगू? घरी पेट्रोल साठवावं का, जनरेटर घ्यावा का? आणि दोनपैकी एक गाडी इलेक्ट्रिक असली तर उपयोग होतो का?"

मी मेक्सिकोच्या आखाताच्या (अमेरिकेच्या दक्षिणेच्या) किनाऱ्यावर इंधनपुरवठ्याचंच काम करत आलोय. टर्मिनलमधला, म्हणजे जिथे इंधन टाक्यांत साठवून टँकरमध्ये भरतात तिथला साठा, पाइपलाइनच्या पाळ्या, टँकरची पाठवणी, हे सगळं. प्रत्येक मोठ्या वादळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: पंप कोरडे पडतात ते सहसा तेल संपलं म्हणून नव्हे. वीज जाते, पाइपलाइन थांबते, बंदर बंद होतं, टँकर किंवा ड्रायव्हर मिळत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी सगळे एकदम टाकी भरायला निघतात. म्हणून या साखळीत तुम्ही नेमके कुठे राहता यावर तुमची तयारी ठरते. ह्यूस्टनची तयारी वेगळी, शार्लटची वेगळी, फ्लोरिडाची तर अगदीच वेगळी.

साखळीची सुरुवात समुद्रात होते, पण तिच्याकडे लोक गरजेपेक्षा जास्त लक्ष देतात. वादळ आखाताकडे वळलं की प्लॅटफॉर्मवरची माणसं हेलिकॉप्टरनं किनाऱ्यावर आणतात आणि विहिरी बंद करतात. २००५ साली २९ ऑगस्टला कट्रिना आणि २४ सप्टेंबरला रीटा आलं, तेव्हा आखातातलं उत्पादन जवळजवळ पूर्ण थांबलं होतं, आणि दोन्ही वादळांनी मिळून शंभरावर प्लॅटफॉर्म मोडून टाकले. तेव्हा अमेरिकेच्या कच्च्या तेलाचा चौथा हिस्सा तरी या समुद्रातून यायचा. आता जमिनीवरच्या शेल खडकांमधून इतकं तेल निघतं की आखाताचा वाटा सातव्या हिश्श्याच्या आसपास उरलाय. त्यामुळे "आखातातलं ९५ टक्के उत्पादन बंद" ही बातमी ऐकून पंपाकडे धावायचं कारण नाही. २०२१ मध्ये आयडा वादळाच्या वेळी ती बातमी अक्षरशः खरी होती, पण समुद्रातलं कच्चं तेल काही आठवडे थांबलं तरी टाक्यांमधल्या साठ्यावर निभावतं.

तुमच्या गाडीशी थेट संबंध आहे तो रिफायनऱ्यांचा. देशाची जवळपास निम्मी शुद्धीकरण क्षमता आखाताच्या किनारपट्टीवर आहे: कॉर्पस क्रिस्टी, ह्यूस्टन, पोर्ट आर्थर, लेक चार्ल्स, बॅटन रूज, न्यू ऑर्लीन्स. वादळ यातल्या कुठल्या पट्ट्यावर येतंय, हे बातमीत आधी बघा.

रिफायनरी बटण दाबून बंद करता येत नाही. भट्ट्या हळूहळू थंड करायच्या, कॅट क्रॅकरमधला (जड तेलाचं पेट्रोल करणाऱ्या यंत्रातला) तापलेला कॅटलिस्ट सांभाळायचा, पाइपांमधलं जड तेल गोठणार नाही हे बघायचं. नीट बंद करायला एक-दोन दिवस जातात. पुन्हा चालू करायला, काही मोडलं नसेल तरी, आठवडा सहज लागतो. अचानक वीज गेली आणि सगळं जागच्या जागी थांबलं तर नुकसान वेगळंच.

वादळाच्या आधीच्या दिवसांत टाक्यांच्या आवारात काय चालतं, ते बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. रिकामी टाकी पुरात तरंगते, मग ती केवढीही मोठी असो. म्हणून वादळाआधी जिथे जिथे पातळी खाली गेली असेल तिथे माल भरून घेतात, माल नसेल तर पाणी सोडतात, पण टाकी जड करतात. कट्रिनाच्या वेळी लुइझियानात मेरो इथल्या रिफायनरीतली अडीच लाख बॅरल क्षमतेची टाकी अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. पुराच्या पाण्यानं ती उचलली, जागची हलवली, आणि सुमारे २५,००० बॅरल कच्चं तेल शेजारच्या वस्तीत पसरलं. दीड हजाराहून जास्त घरांत ते गेलं.

पेट्रोलच्या टाक्यांची दुसरीच काळजी असते. यातल्या बऱ्याच टाक्यांचं छत आतल्या मालावर तरंगतं, माल वाढेल तसं वर जातं, कमी होईल तसं खाली येतं. छतावर पडलेलं पावसाचं पाणी टाकीच्या आतून जाणाऱ्या नळीनं तळाशी बाहेर काढतात. तिचा व्हॉल्व्ह उघडा आहे ना, वरच्या तोंडाशी कचरा अडकलेला नाही ना, एवढंच बघत पावसात माणसं फिरत असतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळ टेक्सासवर येऊन थबकलं आणि नीडरलँड गावात ६० इंचांवर पाऊस पडला. तेवढं पाणी त्या नळ्यांना झेपणारं नव्हतं; किनाऱ्यावरच्या कित्येक टाक्यांची छतं कलंडली किंवा बुडाली. वारा नव्हे, पाऊसच हार्वीचा मुख्य मार होता. ऐन भरात देशाची सुमारे पाव शुद्धीकरण क्षमता बंद होती.

कधी कधी रिफायनरीला खरचटतही नाही आणि तरी ती आठवडेच्या आठवडे बंद राहते, कारण वीज नसते. २०२० मध्ये लॉरा वादळानं लेक चार्ल्सकडे येणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या पाडल्या. पुढच्याच वर्षी आयडानं न्यू ऑर्लीन्स भागाला वीज आणणाऱ्या आठही मुख्य वाहिन्या बंद पाडल्या, त्यातला एक मनोरा तर मिसिसिपी नदीत कोसळला. म्हणून वादळानंतर मी किमतीचे आकडे नंतर बघतो, आधी बघतो ते वीज कंपनीचे दुरुस्तीचे अंदाज. इंधन कधी सुरळीत होणार, हे त्यावरून जास्त खरं कळतं. आणखी एक गोष्ट विसरली जाते: रिफायनरी चालवणाऱ्या माणसांचीही घरं त्याच पुरात असतात.

आता शार्लटकडे येऊ. नॉर्थ कॅरोलायनात एकही रिफायनरी नाही. तुमचं पेट्रोल मुख्यतः दोन पाइपलाइनींनी येतं. कलोनियल ह्यूस्टनहून निघून न्यू जर्सीतल्या लिंडनपर्यंत जाते, प्लँटेशन लुइझियानातून वॉशिंग्टनच्या परिसरापर्यंत. एकटी कलोनियल सुमारे ५,५०० मैलांचं जाळं आहे आणि पूर्व किनाऱ्याचं जवळपास ४५ टक्के इंधन तिच्यातून वाहतं. शहराच्या वायव्येला पॉ क्रीक भागात टाक्यांची रांग दिसते ना, तिथे हा माल उतरतो, आणि तिथून टँकर पंपांवर जातात.

पाइपलाइन कायम भरलेली असते. गोट्यांनी ठासून भरलेल्या नळीत एका टोकानं गोटी ढकलली तरच दुसऱ्या टोकानं एक पडते, तसंच इथे आहे. टेक्सासमधून माल आत गेला नाही तर मधल्या हजार मैलांच्या पाइपात लाखो बॅरल पेट्रोल असूनही ते शार्लटला बाहेर काढता येत नाही. हार्वीच्या वेळी कलोनियलचा टेक्सासकडचा भाग बंद ठेवावा लागला, तो एक तर पाणी भरल्यामुळे आणि दुसरं म्हणजे आत ढकलायला माल नसल्यामुळे.

आणि हा माल चालतो ताशी तीन ते पाच मैलांनी, माणसाच्या चालीनं. ह्यूस्टनहून न्यूयॉर्कच्या बंदरापर्यंत साधारण साडेअठरा दिवस लागतात. शार्लटपर्यंत धरा दहाच्या आसपास. म्हणजे आखातातल्या वादळाचा फटका तुम्हाला वादळाच्या दिवशी बसत नाही. तो बसतो टीव्हीवरच्या बातम्या थंडावल्यावर, आठवडा-दीड आठवड्यानं.

२००८ मध्ये अगदी हेच झालं. १ सप्टेंबरला गुस्ताव लुइझियानावर आलं, रिफायनऱ्या सावरतायत तोवर १३ तारखेला आईक गॅल्व्हस्टनवर. पाइपलाइनमध्ये दोनदा खंड पडला. ह्यूस्टनचे पंप हळूहळू सुरू होत होते आणि सप्टेंबरच्या शेवटी अटलांटा, शार्लट, ॲशव्हिल, नॅशव्हिल इथे लोक टँकरच्या मागे मागे गाड्या घेऊन जात होते. तुमच्या इथले जुने लोक बहुधा तेच आठवून सांगतायत. एकाच वादळापेक्षा पाठोपाठ आलेली दोन वादळं जास्त घातक ठरतात, कारण पहिल्यानं कमी झालेला साठा भरून यायला वेळच मिळत नाही.

पण नुसत्या पाइपलाइनवर खापर फोडून चालणार नाही. एक हिशेब करून बघा. एखाद्या शहर-परिसरात दहा लाख गाड्या आहेत. एरवी लोक टाकी पाव उरली की भरतात. बातमी आली, आणि प्रत्येकानं आजच्या आज सरासरी सात गॅलन जास्त भरलं, तर झाले ७० लाख गॅलन. एका टँकरमध्ये साधारण ८,५०० गॅलन मावतात. म्हणजे नेहमीच्या फेऱ्यांवर आठशेहून अधिक फेऱ्या, एका दिवसात. तेवढे टँकर, ड्रायव्हर आणि टर्मिनलवरच्या भरण्याच्या जागा कुठल्याही शहरात नसतात. पेट्रोल संपलेलं नसतं, पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून ते लोकांच्या गाड्यांत जाऊन बसलेलं असतं. ३१ ऑगस्ट २०१७ ला डॅलसमध्ये हेच घडलं. तिथे पूर नव्हता, टर्मिनलमध्ये माल होता, तरी एका दिवसात पंपांच्या नोझलवर 'पेट्रोल नाही' सांगणाऱ्या पिशव्या चढल्या. मे २०२१ मध्ये तर वादळही नव्हतं: सायबर हल्ल्यामुळे कलोनियल सहा दिवस थांबली आणि नॉर्थ कॅरोलायनातले बहुसंख्य पंप कोरडे पडले. तेव्हा ग्राहकसुरक्षा आयोगाला जाहीर सांगावं लागलं होतं की पेट्रोल प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये भरू नका.

टंचाईत कुठल्या पंपाला माल मिळतो आणि कुठल्याला नाही, यालाही एक क्रम असतो. साठा कमी झाला की पुरवठादार प्रत्येक ग्राहकाचा कोटा बांधून देतात, नेहमीच्या उचलीच्या अमुक टक्के. ज्यांच्याशी वर्षाचा करार आहे, ज्यांच्या पंपावर मोठ्या कंपनीची पाटी आहे, त्यांना आधी. रोजच्या भावानं इथून-तिथून माल उचलणारे बिनपाटीचे स्वस्त पंप आधी कोरडे पडतात. इस्पितळं, अग्निशमन, पाणीपुरवठ्याचे जनरेटर यांचे टँकर या सगळ्यांच्या पुढे, आणि ते योग्यच आहे. म्हणून टंचाईच्या दिवसांत गल्लीतल्या स्वस्त पंपाची वाट बघण्यापेक्षा महामार्गाजवळचा, मोठ्या पाटीचा पंप गाठा. पहाटे किंवा रात्री उशिरा टँकर रिकामे होतात, तेव्हा मिळण्याची शक्यता जास्त.

आता आईबाबांबद्दल. फ्लोरिडाचं सगळं गणित वेगळं आहे. तिथेही रिफायनरी नाही, आणि आखातातून तिथे जाणारी मोठी पाइपलाइनही नाही. जवळजवळ सगळं इंधन जहाजांनी टँपा, पोर्ट एव्हरग्लेड्स, जॅक्सनव्हिल अशा बंदरांत येतं. वादळी वारे ७२ तासांवर आले की कोस्ट गार्ड बंदराची पहिली पायरी जाहीर करतं, व्हिस्की. मग ४८ तासांना एक्स-रे, २४ ला यँकी, आणि १२ तासांना झुलू, म्हणजे बंदर बंद. वादळ गेल्यावर जहाजं लगेच आत येत नाहीत. जहाजांना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, म्हणजे बोया, जागेवर आहेत का, पात्रात काही बुडालंय का, गाळ किती आला, हे मोजल्याशिवाय मार्ग खुला करत नाहीत. तेवढे दिवस किनाऱ्यावरच्या टाक्यांत जे असेल त्यावर सगळं राज्य चालतं.

त्यातच लोक गाव सोडून निघतात. २०१७ मध्ये इर्माच्या वेळी फ्लोरिडात साठ लाखांहून जास्त लोकांना घर सोडायला सांगितलं होतं, आणि वर जाणाऱ्या महामार्गांवरचे पंप वादळ पोचायच्या आधीच रिकामे झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टनच्या वेळी पुन्हा तेच. नंतर राज्य सरकारनं जागोजागी केंद्रं उघडून माणशी दहा गॅलन फुकट वाटले. फार मोठ्या संख्येनं माणसं जेव्हा एकदम रस्त्यावर येतात तेव्हा काय होतं, ते २००५ मध्ये रीटाच्या वेळी ह्यूस्टननं पाहिलंय. पंचवीस लाखांवर लोक निघाले, शंभर मैलांच्या रांगा लागल्या, एसी चालू ठेवून उभ्या गाड्यांतलं पेट्रोल रस्त्यातच संपलं. उष्म्यानं आणि अपघातांनी त्या प्रवासात गेलेले जीव वादळानं घेतलेल्या जीवांपेक्षा जास्त होते.

म्हणून त्यांना एवढंच सांगा. १ जून ते ३० नोव्हेंबर या वादळांच्या मोसमात गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. घर कुठल्या स्थलांतर-झोनमध्ये येतं ते आजच काउंटीच्या नकाशावर बघून ठेवायचं. झोनमध्ये असेल, तर पाचशे मैल पळायचं नाही, उंचावरच्या भक्कम घरात, तीस-चाळीस मैलांच्या आत जायचं, अर्ध्या टाकीत होईल एवढंच. निघायचं ते आदेश येताच, शेजारी निघाले की नाही हे न बघता. वय झालेल्या माणसांना रांगेत सहा-सात तास बसवणं हाच मोठा धोका आहे. थोडी रोकड जवळ हवी. वीज आली तरी कार्डाची यंत्रं बंद असू शकतात. फ्लोरिडात स्थलांतर मार्गांवरच्या मोठ्या पंपांना जनरेटर जोडण्याची सोय ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे वीज नसताना पेट्रोल शोधायचं तर तसे मोठे पंप आधी. वीज नसली तर टाकीत हजारो गॅलन असून पंप चालत नाही, हे २०१२ च्या सँडीनंतर न्यू जर्सीनं अनुभवलं. तिथे शेवटी सम-विषम नंबरप्लेटनुसार पेट्रोल द्यावं लागलं.

"सरकारचा राखीव साठा आहे ना?" असं बरेच जण विचारतात. आहे, टेक्सास आणि लुइझियानात चार ठिकाणी, मिठाच्या गुहांमध्ये. पण तो मुख्यतः कच्च्या तेलाचा आहे. रिफायनरी चालू आहे आणि तिला तेल मिळत नाही, तेव्हा तो कामाचा. आयडानंतर बॅटन रूजच्या रिफायनरीला तिथून १५ लाख बॅरल दिले. रिफायनरीच बंद असेल तर त्या साठ्याचा तुमच्या पंपाला उपयोग नाही. पंपाला लवकर मदत होते ती नियम सैल करण्यानं: उन्हाळी पेट्रोलच्या बाष्पदाबाची (ते किती सहज उडून जातं याची) अट तात्पुरती उठते, टँकर ड्रायव्हरांच्या तासांची मर्यादा शिथिल होते, परदेशी जहाजांना देशांतर्गत बंदरांत माल नेण्याची सूट मिळते. तुमच्या राज्यासाठी अशी सूट जाहीर झाली, तर समजा की जाणकारांना टंचाईचा अंदाज आलाय.

आता घरची तयारी. शार्लटमध्ये तुम्हाला वादळापासून नव्हे, रांगेपासून वाचायचंय. त्यासाठी आठवडा-दहा दिवस पंपावर जावं लागू नये, एवढं बास. नेहमीची अर्धी टाकी, आणि आखाताच्या रिफायनरी पट्ट्याकडे वादळ वळल्याची बातमी आली की त्याच दिवशी, गर्दी व्हायच्या आधी, एकदा पूर्ण टाकी. मग गरज नसताना पुन्हा पुन्हा "टॉप" करायचं नाही. दोन-तीन गॅलनसाठी रांगेत उभा राहणारा माणूस इमर्जन्सीत निघालेल्या नर्सची जागा अडवतो. मुलांच्या शिकवण्या, मंदिर, किराणा एका फेरीत बसवा, ऑफिसला घरून कामाची परवानगी आधीच विचारून ठेवा. पेट्रोल वाचवण्याइतकी स्वस्त साठवण दुसरी नाही.

डब्यातली साठवण मी मर्यादितच सुचवतो: पाच गॅलनचे दोन मान्यताप्राप्त लाल डबे. बहुतेक ठिकाणी घरगुती मर्यादा २५ गॅलनच्या आसपास असते, तुमच्या फायर मार्शलकडून खात्री करून घ्या. अपार्टमेंटमध्ये किंवा टाउनहाउसमध्ये राहत असाल तर अजिबात साठवू नका. भरताना डबा गाडीतून काढून जमिनीवर ठेवायचा, नोझल डब्याच्या तोंडाला टेकवून हळू भरायचं. ट्रकच्या प्लास्टिक अस्तरावर ठेवून भरलं तर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. काठोकाठ भरू नका, उन्हात ते फुगतं. आणि डबा गॅरेजमध्ये वॉटर हीटरजवळ कधीही ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून सरपटत हीटरच्या पायलट ज्योतीपर्यंत जाते, आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. बाहेरची, सावलीतली, कुलूप लावता येईल अशी शेड असेल तरच साठवा.

इथलं बहुतेक पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं असतं आणि ते तीन महिन्यांत उतरायला लागतं. ताजं असतानाच स्टॅबिलायझर घातला तर जास्त टिकतं. त्यापेक्षा सोपा उपाय: डब्यांवर तारीख लिहा, दोन-तीन महिन्यांनी ते गाडीत ओता आणि नवीन भरा.

जनरेटर फक्त पेट्रोलच्या टंचाईसाठी घ्यायचा असेल तर घेऊ नका, तेव्हा तुमच्याकडे वीज असतेच. पण शार्लटला वादळ येतच नाही या भ्रमात राहू नका. २२ सप्टेंबर १९८९ ला ह्यूगो थेट शार्लटवरून गेलं आणि कित्येक घरांत आठवडे वीज नव्हती. २०२४ मध्ये हेलीननं राज्याच्या पश्चिम डोंगराळ भागाची काय दशा केली ते ताजंच आहे. घ्यायचाच तर लहान घ्या. ५,००० वॅटचा जनरेटर दिवसभर चालवला तर १२ ते १८ गॅलन पितो. तुमचे दोन्ही डबे एका दिवसात संपले, आणि पंप बंद. २,००० वॅटचा इन्व्हर्टर जनरेटर मध्यम भारावर गॅलनभर पेट्रोलमध्ये पाच-सहा तास चालतो. फ्रिज सलग चालवायची गरज नसते: दार न उघडता चार तास, भरलेला फ्रीझर दोन दिवस थंड राहतो. दोन-तीन तास चालवा, बंद करा, असं करत दहा गॅलन चार-पाच दिवस पुरवता येतात. पेट्रोल आणि प्रोपेन दोन्हीवर चालणारा मिळाला तर उत्तम; ग्रिलच्या वीस पौंडी सिलिंडरमध्ये साधारण साडेतीन गॅलन पेट्रोलएवढी ऊर्जा असते आणि प्रोपेन वर्षानुवर्षं खराब होत नाही.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला बजावून सांगा. जनरेटर घरात नाही, गॅरेजमध्ये नाही, दार उघडं ठेवूनही नाही. घरापासून किमान २० फूट लांब, धुराचं तोंड घराविरुद्ध. लॉरानंतर लेक चार्ल्समध्ये एकाच घरातली अनेक माणसं गॅरेजमधल्या जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडनं गेली. त्या वायूला वास नसतो. बॅटरीवर चालणारा त्याचा अलार्म जनरेटरबरोबरच विकत घ्या. यंत्र गरम असताना पेट्रोल ओतू नका, आणि घराच्या सॉकेटमध्ये उलटी वायर घालून वीज देऊ नका. खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो.

पूर ओसरल्यावर मिळेल ते पेट्रोल लगेच भरू नका. पंप पाण्याखाली गेला असेल तर झाकणातून पाणी टाकीत उतरलेलं असतं. चांगला पंपवाला डिप रॉडच्या टोकाला वॉटर पेस्ट लावून ती टाकीच्या तळापर्यंत सोडतो. रॉड वर आल्यावर जिथवर पाणी होतं तिथवर पेस्टचा रंग बदललेला असतो. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी मिसळलं तर इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं, आणि पंप माल उपसतो तो तळाजवळूनच. "टाकी तपासली का?" असं सरळ विचारा. सचोटीचा माणूस रॉड आणून दाखवेल. भाव अवाच्या सव्वा लावले असतील तर पावती आणि फोटो जपून ठेवा; आणीबाणी जाहीर असताना नफेखोरीविरुद्ध नॉर्थ कॅरोलायनात कायदा आहे, तक्रार ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात करता येते.

राहिली इलेक्ट्रिक गाडी. शार्लटला ती खरंच मोठा आधार आहे. पाइपलाइन थांबली तरी तुमची वीज चालू असते, त्यामुळे रोजची धाव तिच्यावर घ्या आणि पेट्रोलची गाडी भरलेली, उभी ठेवा. फ्लोरिडात भावाकडे अशी गाडी असेल तर मात्र उलटं: वादळानंतर आधी वीजच जाते. तीन दिवस आधी ती पूर्ण चार्ज करून ठेवावी, आणि काही मॉडेलमधून बाहेर वीज घेता येते, तशी असेल तर तिच्यावर फ्रिज आणि आईबाबांच्या औषधांची सोय दोन-तीन दिवस होते. किनाऱ्याजवळ घर असेल तर गाडी उंच जागी नेऊन लावायला सांगा. २०२२ मध्ये इअननंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांनी नंतर, उभ्या जागी पेट घेतला होता. अशी बुडालेली गाडी चार्जिंगला लावायची नाही, चालूही करायची नाही, घरापासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून पन्नास फूट तरी लांब ओढून न्यायला सांगायची.